जिभेला चिकटलं तर हाड

आमच्या लॅबमध्ये चाळणीत खडे साठतात तसे किस्से साठतात. मोठे दगड वरच राहतात, ते सगळ्यांना दिसतात. बारीक वाळू खाली जाते, तिचं कुणी मनावर घेत नाही. पण काही खडे ना वर राहतात ना खाली जातात. जाळीच्या भोकातच अडकून बसतात आणि सुईनं एकेक करून काढावे लागतात. हे किस्से त्यातले आहेत. एखादा तर अजून माझ्याच घशात अडकलेला आहे, त्यामुळं सांगताना अडखळले तर सांभाळून घ्या.

लॅब म्हणजे लातूरच्या एका कॉलेजातल्या भूशास्त्र विभागाची मागची खोली. पुढं वर्ग, मागं नळ, नळाखाली सिमेंटचा हौद. मांजरा नदीच्या काठावरून पोत्यांनी गाळ आणायचा, हौदात धुवायचा, चाळायचा, ट्रेमध्ये पसरायचा आणि त्यातून जुन्या काळातल्या जनावरांची हाडं वेचायची. बायका तांदूळ निवडतात तसं. तांदळात खडा शोधतात, आम्ही खड्यांत हाड शोधतो.

माणसं चार. बिरादार सर विभागप्रमुख, उदगीरकडचे, मे महिन्यात रिटायर होणारे. कांबळे मॅडम बिलोलीच्या, त्यांना भिंगाशिवायही दिसतं. गफूरमामा लॅब अटेंडंट, नोकरी लागल्यापासून त्याच हौदावर. आणि मी, मेघा, प्रोजेक्ट असिस्टंट. नवरा नांदेडला नोकरीला, मी इथं लातूरला, आणि माझ्याबरोबर सव्वादोन वर्षांची ओवी. शिक्षण एम. एस्सी. आत्मविश्वासाचं पुढं कळेलच.

* * *

दगड कुठला आणि हाड कुठलं हे ओळखायची आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे. तोंड वाकडं करू नका, आमच्या धंद्यात सगळेच करतात. खडा जिभेला लावायचा. दगड असेल तर सुटून पडतो. जुन्या हाडाला बारीक बारीक भोकं असतात, त्यामुळं ते जिभेला चिकटून बसतं. सर हे फार शांतपणे करतात. जीभ बाहेर, खडा जिभेवर, दोन्ही हात बाजूला. मनात तीन आकडे मोजायचे. पडला नाही तर काढायचा आणि म्हणायचं, "हाड."

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. निलंग्याकडच्या एका गावात नदीच्या दरडीखाली बसून सर खडे चाटून राहिले होते. एक झाला की दुसरा. वरून एक म्हातारी बराच वेळ बघत होती, मग निघून गेली. मी मनात म्हटलं, आता ही गावातून माणसं घेऊन येणार, आणि आम्ही कोण, काय करतोय हे पटवता पटवता संध्याकाळ होणार.

ती आली, पण एकटीच. फडक्यात दोन भाकरी आणि ठेचा. सरांच्या पुढं ठेवलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "शिकलेलं माणूस हाय ना ते? मग इतकं उपाशी कामून ठेवलं बाई तुमी?"

सरांनी दोन्ही भाकरी खाल्ल्या. तिच्यासमोर परत खडा चाटायची त्यांची हिंमत झाली नाही.

* * *

शनिवारी पाळणाघर बंद असतं, म्हणून शनिवारी ओवी लॅबमध्ये. हौदाशेजारी गोणपाट टाकलं की ती त्यावर बसून सगळ्यांकडे बघत राहायची. मला वाटायचं, किती शहाणं पोरगं. ते शिकून राहिलंय हे मला फार उशिरा कळलं.

घरी तिनं सुरुवात रिमोटपासून केली. मग चप्पल, मग खुर्चीचा पाय, मग शेजारच्या काकूंचा गुडघा. जीभ बाहेर, वस्तू जिभेवर, दोन्ही हात बाजूला. पडलं की नाराज व्हायची.

मी तिला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. मी तशी महिन्यातून दोनदा तरी नेतेच, डॉक्टरांना सवय आहे. त्यांनी विचारलं, माती खाते का? मी म्हटलं, खात नाही, चाटते, मग हात सोडून बघते चिकटतंय का. हे कुठं शिकली, म्हणाले. खोटं बोलायची सोय नव्हती. मी सगळं सांगितलं. सरांचं, गफूरमामांचं, माझंही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"स्टाफ किती आहे तुमचा?" ते म्हणाले. "जंताचं औषध सगळ्यांनाच लिहून देतो."

त्याच आठवड्यात ओवीनं चिकूची बी तोंडात घेतली. मी घाबरून ओरडले, "थुंक!" तिनं माझ्याकडे बघितलं आणि गिळली. तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द बंद आहे. ओवीला थुंक म्हटलं की ती गिळते. तोंडाकडे हात नेला तरी तोंड मिटून गिळते. बी दोन दिवसांनी आली. ते दोन दिवस मी कसे काढले ते विचारू नका.

सासूबाई तेव्हा लोह्याहून आलेल्या होत्या. महिन्यातले पंधरा दिवस त्या माझ्याकडे असतात. लोह्यात त्यांनी सांगून ठेवलंय की सून कॉलेजात मोठी शास्त्रज्ञ आहे. कमरेला चंची, चंचीत पान, चुना, सुपारी आणि एक अडकित्ता. ओवीचा हात सारखा त्या चंचीत आणि माझा जीव त्या अडकित्त्यात.

"तुला सगळ्याचंच भ्याव, मेघा," त्या म्हणाल्या. "आमी चार लेकरं वाढवली. एकानं बी काई गिळलं न्हाई." मग सुपारी कातरत, "तुज्या नवऱ्यानं किल्ली गिळली तेवढं सोडून."

* * *

आता मुख्य जनावर.

आपल्याकडे आज घोरपड आहे ना, तिची एक दांडगी नातेवाईक फार पूर्वी होऊन गेली. मांजरेच्या काठावर हत्ती आणि पाणघोडे फिरत होते त्या काळात. आता ती जगात कुठं उरलेली नाही. ती आपल्या भागातही होती असं सर कायम म्हणायचे, पण हातात एक हाड नव्हतं. दर वर्षी पावसाळा सरला की ते दरडी धुंडाळायला निघायचे आणि दर वर्षी पाणघोड्याचे तुकडे घेऊन परत यायचे.

यंदा जानेवारीत गफूरमामा चाळणी हलवत होते आणि एकदम थांबले. बोटाच्या दोन पेरांएवढा तपकिरी तुकडा. त्यांनी तो जिभेला लावला, काढला, आणि आवाज न चढवता म्हणाले, "सर, जरा येऊन जाव."

जबड्याचा मागचा भाग होता. सरांना तो त्यांच्या घोरपडीचाच वाटला. पण अडचण अशी, की त्या काळात नदीत मगरीही होत्या. मगरीचे दात जबड्यातल्या खड्ड्यांत बसलेले असतात, घोरपडीचे दात जबड्याच्या आतल्या अंगाला डकवल्यासारखे असतात. दात दिसले असते तर प्रश्नच मिटला असता. आणि जिथून दात सुरू होणार, बरोबर तिथंच जबडा तुटलेला.

जनावर केवढं होतं, असं गफूरमामांनी विचारलं. सरांनी खडू घेतला आणि व्हरांड्यात फरशीवर आखून दाखवलं. डोकं स्टाफरूमच्या दाराशी, शेपटीचं टोक पिण्याच्या पाण्याच्या टाकीशी. पोरं बघायला आली. गंमत म्हणजे त्या आकृतीवर पाय द्यायला कुणी तयार होईना. सगळे भिंतीला खेटून जायचे. ओवी तेवढी त्या घोरपडीच्या डोक्यावर बसून बिस्कीट खायची.

आठव्या दिवशी प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. आम्ही दाराबाहेर कान देऊन. आता पुसायला लावणार, नक्की.

प्राचार्य म्हणाले, "पुसू नका हो. फक्त शेपूट जरा तिकडं वळवून घ्या. बाथरूमला जाता येईना."

* * *

जबड्याच्या आत दातांची मुळं उरली असतील का, हे बघायला स्कॅन हवा होता. नांदेडला माझ्या नवऱ्याच्या ओळखीचं एक स्कॅन सेंटर आहे. नेण्याचं काम माझ्यावर आलं, कारण त्या शनिवारी मी सुट्टी घेऊन नांदेडला जाणारच होते.

स्टीलच्या डब्यात कापूस, कापसात जबडा. एसटीत एका मांडीवर डबा, एका मांडीवर ओवी. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की मला ठरवता येईना आधी काय धरायचं. आधी लेकराला धरलं, पण विचार करावा लागला, हे मी इथं कबूल करते. लोह्याच्या स्टँडवर चढलेल्या एका मावशींनी डब्यात काय आहे असं विचारलं. मी खरं सांगितलं. त्या उठून ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसल्या.

सेंटरवरच्या फॉर्ममध्ये रकाने होते. पेशंटचं नाव, वय, तक्रार. टेक्निशियन लिहून घेत होता. वयाला तो नुसता मान हलवत राहिला. तक्रार काय, असं त्यानं विचारलं, तर माझा नवरा म्हणाला, "दात नाहीत."

जबडा मशीनवर ठेवला. आम्ही काचेमागं उभे. मशीन सुरू झालं आणि त्यातून रेकॉर्ड केलेला आवाज आला, "श्वास रोखून धरा." आणि आम्ही सगळ्यांनी रोखला. मी, नवरा, दाराशी उभी असलेली आया. ओवीनं तर गाल फुगवले. पेशंट तेवढा निवांत पडलेला.

"सोडा," मशीन म्हणालं.

मुळं नव्हती. मी डबा बंद करत होते तेवढ्यात टेक्निशियन स्क्रीनकडे बघत सहज बोलून गेला. दिवसभर लोकांची मोडलेली हाडंच बघतो तो. म्हणाला, "मॅडम, बाकीच्या कडा घासलेल्या दिसून राहिल्यात. ही एक कड ब्लेडसारखी आहे. हे फ्रॅक्चर जुनं नाही."

मशीननं सोडा म्हटलं होतं, पण माझा श्वास तिथंच राहिला.

* * *

सोमवारी कांबळे मॅडमनी तो तुकडा मायक्रोस्कोपखाली धरला. सगळीकडे तपकिरी, आणि ती एक कड आतून पांढरी, नुकतंच बिस्कीट मोडावं तशी. म्हणजे जबडा नदीत तुटला नव्हता. आमच्या चाळणीत तुटला होता. म्हणजे दात असलेला अर्धा भागही आमच्याकडेच आला होता, त्याच चाळणीतून, त्याच दिवशी.

त्या दिवशीचा चाळणीतला बाकीचा माल कुणाच्या ट्रेमध्ये गेला होता, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

जबडा सापडला त्या दुपारी सगळे सरांभोवती जमले होते. माल माझ्याकडे देऊन कांबळे मॅडम म्हणाल्या होत्या की एकेक खडा बघ, घाई करू नको. आणि ओवीला ताप होता. सासूबाईंचे तीन फोन येऊन गेले होते. मी खांद्यात फोन धरून अर्धा ट्रे बघितला. उरलेला हातानं गोळा केला आणि "बघून झालं"च्या ढिगात लोटून दिला. संध्याकाळी सरांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "पूर्ण बघितला सर, काही नाही."

प्रत्येक ट्रेबरोबर तारीख आणि सही असलेली चिठ्ठी असते. सरांनी फाईलमधून ती चिठ्ठी काढली, वाचली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. कुणाकडेही बघितलं नाही. खोलीत नळाच्या थेंबाचा आवाज येत होता. आता बोलावं, आत्ताच बोलावं, असं मला वाटत होतं. मी तोंड उघडलं.

"चहा सांगू का सगळ्यांना?" मी म्हटलं.

* * *

पुण्याहून एक तज्ज्ञ बाई तीन आठवड्यांनी येणार होत्या. जबडा कुणाचा हे त्या सांगणार, आणि त्यांचा शब्द शेवटचा. त्यानंतर सर रिटायर. तोवर दुसरा अर्धा सापडला तर सापडला.

आता तुम्ही म्हणाल, ढीग परत बघायचा, त्यात काय. ढीग असता तर. गफूरमामा बघून झालेले खडे कधी टाकत नाहीत. "मांजरेचा धुतलेला माल हाय," म्हणतात आणि कुंड्यांसाठी म्हणून सगळ्यांना पिशव्या भरभरून वाटतात. अख्ख्या कॉलेजच्या कुंड्यांत आमचे खडे. मग आम्ही यादी केली आणि दारोदार फिरलो, दिलेले दगड परत मागत.

प्राचार्यांच्या गच्चीवर निवडुंगाच्या अकरा कुंड्या. कुंड्या उपड्या करायला त्यांच्या बाईसाहेबांची परवानगी नव्हती, म्हणून कांबळे मॅडम, गफूरमामा आणि मी तिथंच उकिडवे बसून एकेक खडा काढून चाटत होतो. तेवढ्यात त्यांच्याकडे मुलीच्या स्थळाची माणसं आली. त्यांना आमची ओळख काय करून दिली ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. लग्न मात्र ठरलं.

लायब्ररीत फिशटँक होता, त्याच्या तळाला आमचे खडे. लायब्ररियन म्हणाले, हात घालू नका, मासळीनं त्यावर अंडी घातलीत. उरलेले दिवस बोटावर मोजण्याइतके. मी सरांकडे बघितलं. सर वाकून काचेतून बघत राहिले. मग म्हणाले, "आपलं जनावर हजारो वर्षं थांबलं. चार दिवस अजून थांबेल."

चार दिवसांनी पिल्लं निघाली. खडे बाहेर काढले. सगळे दगडच.

माझं घर यादीत नव्हतं. सासूबाईंनाही गफूरमामांनी एक पिशवी दिली होती, पण ओवी गिळेल या भीतीनं ती पिशवी मी त्याच संध्याकाळी आल्या पावली लॅबमध्ये परत नेऊन ठेवली होती. ओवी रडून रडून लाल झाली होती, सासूबाई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या. "येक खडा ठेवू दिला न्हाई लेकराला," म्हणत होत्या. परत आणलेली ती पिशवी आम्ही सगळ्यांत आधी तपासली. काही नव्हतं. माझ्या भित्रेपणाचा कुणाला तरी उपयोग झाला, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

* * *

पुण्याच्या बाई यायला तीन दिवस उरले होते. सर व्हरांड्यात एकटे वाकून पुसट झालेली शेपूट खडूनं परत आखत होते. मी जाऊन उभी राहिले. मनात चार वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"सर, तो ट्रे माझा होता. मी अर्धाच बघितला. तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यांनी शेपटीचं टोक पूर्ण केलं. मग खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. घडीवर घडी पडून ती मऊ झाली होती. खाली माझी सही.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "अक्षर ओळखू येतं की."

"मग बोलला का नाही?"

"त्या दिवशी पोरीला ताप होता ना? गफूर सांगत होता." ते भिंतीला धरून उभे राहिले. "तुमच्या वयाचा असताना मी एक अख्खा दात पँटच्या खिशात ठेवला आणि पँट धुवायला टाकली."

"कशाचा दात होता?"

"ते कळायच्या आतच धुऊन निघाला," सर म्हणाले आणि खडू माझ्या हातात दिला. "पाय राहिलेत अजून. तेवढे काढा."

मी पाय काढले. सरांनी बघितलं आणि म्हणाले, हे पाय कोंबडीचे झालेत, पण असू द्या.

* * *

आणि हा शेवटचा.

पुण्याच्या बाई आल्या. बारीक अंगाच्या, गळ्यात दोरीला भिंग. त्यांनी जबडा हातात घेतला आणि अर्धा तास भिंगाखाली उलटसुलट करून बघितला. गफूरमामांनी नळाखाली फडकं ठेवलं होतं, थेंबाचा आवाज नको म्हणून. शेवटी बाईंनी भिंग सोडलं.

"घोरपडीसारखं वाटतं, सर. पण दात नाहीत. मगर नाहीच, असं मला लिहून देता येणार नाही."

सरांनी मान हलवली. जणू त्यांना कुणी बसची वेळ सांगितली होती. मी फरशीकडे बघत राहिले.

त्याच वेळी दारात सासूबाई. कडेवर ओवी, हातात डबा. पोरगी जेवून नाही राहिली, आईच पाहिजे म्हणते, असं पुटपुटत त्या भिंतीच्या बाकावर टेकल्या. ओवीला खाली सोडलं आणि पानासाठी चंची उघडली. ओवीचा हात लगेच चंचीत गेला. मी पाठमोरी होते. अडकित्त्याचा टक्क आवाज आला म्हणून दचकून वळले, बोटं मोजायला.

बोटं ठीक होती. ओवी खोलीच्या मधोमध उभी होती, बरोबर सरांच्या समोर. जीभ बाहेर. जिभेवर तपकिरी खडा. दोन्ही हात बाजूला.

खडा पडत नव्हता.

पिशवी परत नेली त्या संध्याकाळी ओवी रडत होती म्हणून सासूबाईंनी एक खडा माझ्या नजरेआड चंचीत ठेवून दिला होता, आणि मी घरी नसले की तिला खेळायला देत होत्या. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की खड्याला एका बाजूनं माशाच्या गळासारखे दोन बारीक आकडे आहेत.

"सर," कांबळे मॅडम ओठ न हलवता म्हणाल्या, "दात."

सर एक पाऊल पुढं आले. ओवीची जीभ जराशी आत गेली. ते तिथंच थिजले. थुंक म्हणायचं नाही. हात न्यायचा नाही. हे लॅबच्या माणसांत फक्त मला माहीत होतं, आणि तो शब्द उच्चारल्याशिवाय सांगता येत नव्हतं. तो तुकडा केवढा आणि तिचा घसा केवढा, एवढंच डोक्यात. जबडा कुणाचा, कुणी शोधला, कुणी हरवला, सगळं पुसून गेलं.

मी गुडघ्यांवर बसले आणि तिच्याकडे बघत माझी जीभ बाहेर काढली.

ओवीला ते आवडलं. तिनं तिची आणखी बाहेर काढली.

मी हातानं मागं खूण केली. सरांना कळलं, त्यांनी जीभ बाहेर काढली. मग गफूरमामांनी. मग कांबळे मॅडमनी, डोळे मिटून. ओवी एकेकाकडे वळून बघत होती, कुणाची कमी आहे का ते. तिची नजर पुण्याच्या बाईंवर थांबली. बाईंनी एकदा सरांकडे बघितलं, भिंग बाजूला केलं आणि त्यांनीही काढली.

टेबलावरचा चिमटा मी न बघता उचलला. आकड्यांच्या मागं धरलं, हलकेच ओढलं. सुटताना बारीकसा आवाज आला.

मी ओवीला एका हातानं छातीशी धरलं आणि दुसऱ्या हातानं तो तुकडा सरांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी टेबलावरचा जबडा उचलला, पांढरी कड पांढऱ्या कडेला लावली. बसली. मध्ये केस जाईल एवढीही फट नव्हती. दोन दात, जबड्याच्या आतल्या अंगाला डकवलेले. बाई वाकल्या, गफूरमामा वाकले, कांबळे मॅडम वाकल्या. कुणी बोलेना, कारण कुणीच जीभ आत घेतली नव्हती. सरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि जीभ तशीच बाहेर.

सासूबाई बाकावरून उठल्या. सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं, पुण्याच्या बाईंकडे जरा जास्त वेळ. मग माझ्या कानाशी आल्या.

"मेघा," त्या म्हणाल्या, "लोह्यात कुणी इचारलं तर मी आता काय सांगू गं?"